साखळीयंत्रे, विद्यार्थ्यांची

एखादे साधे काम सरळ मार्गाने न करता, एकापाठोपाठ एक आपोआप घडणाऱ्या अनेक क्रियांच्या मालिकेद्वारे घडवून आणणाऱ्या रचनेला साखळीयंत्र किंवा शृंखलायंत्र म्हणतात. घंटा वाजविणे, पेल्यात पाणी ओतणे, पडदा उघडणे यांसारखे एखादे काम हे या यंत्राचे अखेरचे उद्दिष्ट असते. पहिली क्रिया हाताने सुरू करून दिल्यानंतर घरंगळणारी गोटी, पडणारी काडेपेटी, झुकणारी तरफ, ताणलेले रबर, सुटणारी दोरी अशा साधनांमार्फत प्रत्येक क्रिया पुढच्या क्रियेस चालना देते. मालिकेतील अशा प्रत्येक क्रियेस दुवा म्हणतात. सामान्य यंत्राची रचना कमीत कमी भागांत व कमीत कमी श्रमांत काम व्हावे अशी असते. साखळीयंत्रात हा हेतू मुद्दाम उलटा केलेला असतो. त्यामुळेच आधुनिक काळात ही यंत्रे प्रथम विनोदी चित्रांत अवतरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र त्यांचा उपयोग विज्ञानाच्या व अभियांत्रिकीच्या प्राथमिक शिक्षणात होऊ लागला. प्रयोगशाळेची सोय नसलेल्या विद्यार्थ्यालाही घरातल्या वस्तूंमधून कार्यकारणसंबंध प्रत्यक्ष पाहता येतो आणि कोणती गोष्ट कोठे व का चुकली हे स्वतः शोधता येते, हे त्यांचे मुख्य शैक्षणिक महत्त्व होय.

रसायनशास्त्र व अणुभौतिकी यांतील शृंखला विक्रियेपासून ही यंत्रे वेगळी आहेत. साखळीयंत्रात सामान्यतः एक दुवा एकाच पुढच्या दुव्यास चालना देतो. अणुकेंद्राच्या भंजनात मात्र एका न्यूट्रॉनामुळे दोन किंवा तीन न्यूट्रॉन मुक्त होतात व विक्रियेला शाखा फुटत जातात. नियंत्रित स्वरूपातील अशी स्वयंपोषी विक्रिया एन्रिको फेर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे प्रथम घडवून आणली. हा फरक दाखविण्यासाठी उंदरांच्या अनेक सापळ्यांवर टेबल टेनिसचे चेंडू ठेवून त्यांत एक चेंडू टाकण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. वॉल्ट डिझ्नी संस्थेच्या १९५७ सालच्या अणुविषयक बोधपटात तो दाखविलेला होता. एकामागून एक पडणाऱ्या काडेपेट्या आणि एकदम उसळणारे सापळे यांची तुलना करून सरळ व शाखायुक्त या दोन्ही साखळ्या विद्यार्थ्यांना समजावून देता येतात.

प्राचीन व मध्ययुगीन यंत्रे : एका क्रियेने दुसरीस चालना देण्याची कल्पना प्राचीन आहे. इ. स. पहिल्या शतकात ॲलेक्झांड्रिया येथील हेरॉन यांनी आपोआप उघडणाऱ्या मंदिरद्वाराचे वर्णन केले आहे. वेदीवर अग्नी पेटविला की बंदिस्त हवा तापून प्रसरण पावते, तिच्या दाबाने पाणी एका भांड्यातून दुसऱ्या टांगत्या भांड्यात जाते, ते भांडे जड होऊन खाली येते आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या द्वाराचे खांब फिरवितात. हेरॉन यांच्या स्वयंचलित रंगमंचाला गती देणारे वजन धान्याच्या किंवा वाळूच्या राशीवर टेकलेले असे. तळाच्या छिद्रातून ही रास हळूहळू गळत गेली की वजन सावकाश खाली येई.

भारतात अकराव्या शतकातील माळव्याचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या समराङ्गणसूत्रधार या वास्तुशास्त्रीय ग्रंथातील एक संपूर्ण अध्याय यंत्रांना वाहिलेला आहे. पृथ्वी, जल, अग्नी व वायू ही यंत्रांची बीजे मानून त्यात चांगल्या यंत्राचे गुण सांगितले आहेत. भाग एकमेकांत नेमके बसावेत, ते सैल असू नयेत तसेच घट्टही असू नयेत, गती अडखळू नये, यंत्र हलके असावे, असा त्याचा आशय आहे. गोटीची पन्हळ किंवा दोरीची कप्पी जुळविणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही हेच नियम अनुभवाने सापडतात.

मध्ययुगीन साखळीयंत्राचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे अल्-जझारी यांनी १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथातील हत्ती-घड्याळ. या घड्याळाच्या मुळाशी भारतीय घटिकापात्र आहे. महाराष्ट्रात विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी वापरले जाणारे तळाशी छिद्र असलेले हे पात्र पाण्यात सोडले असता ठराविक वेळाने भरून बुडते. अल्-जझारी यांच्या घड्याळात हत्तीच्या पोटातील पात्र बुडताना दोरी ओढली जाते, वरून एक गोळा सुटतो, तो सर्पाच्या मुखात पडतो, त्याच्या भाराने सर्प खाली झुकतो, माहूत ढोल वाजवितो आणि गोळा खालच्या भांड्यात पडतो. सर्पाच्या झुकण्यानेच बुडालेले पात्र वर ओढले जाऊन पुन्हा पाण्यावर येते. दर अर्ध्या तासाने हीच मालिका पुन्हा घडते. साखळी संपल्यानंतर आपोआप पूर्वस्थितीवर येणारे असे यंत्र आजही रचनाकाराच्या कसोटीचे मानले जाते.

व्यंग्यचित्रांतील यंत्रे : औद्योगिक क्रांतीनंतर दैनंदिन जीवनात यंत्रांचा सुळसुळाट झाला व त्यांची थट्टाही होऊ लागली. इंग्लंडमध्ये विल्यम हीथ रॉबिन्सन (१८७२–१९४४), डेन्मार्कमध्ये स्टॉर्म पी. या नावाने ओळखले जाणारे रॉबर्ट स्टॉर्म पेटरसन (१८८२–१९४९) आणि अमेरिकेत रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) यांनी क्षुल्लक कामांसाठी अवाढव्य यंत्रे चित्रित केली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सांकेतिक लिपीतज्ञांनी आपल्या एका गुंतागुंतीच्या यंत्राला हीथ रॉबिन्सन यांचेच नाव दिले होते. बंगालीत सुकुमार राय यांच्या १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आबोल ताबोल या बालकवितासंग्रहातही काकांच्या एका अजब यंत्राचे चित्र व कविता आहे.

यांपैकी गोल्डबर्ग यांचे नाव या यंत्रप्रकाराला कायमचे चिकटले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील महाविद्यालयातून १९०४ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यांनी काही काळ सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या पाणी व मलनिःसारण खात्यात नोकरी केली आणि नंतर ते वृत्तपत्रांत चित्रे काढू लागले. प्रा. ल्यूसिफर गॉर्गन्झोला बट्स हे त्यांचे काल्पनिक संशोधक पात्र लोकप्रिय झाले. त्यांच्या १९३१ सालच्या एका प्रसिद्ध चित्रात जेवणाऱ्याने सूपाचा चमचा तोंडाकडे नेला की दोरी ओढली जाते, पळी झटका देऊन बिस्किट उडविते, पोपट त्यामागे झेपावतो, त्याची दांडी कलते, बी बादलीत सांडते आणि असे अनेक टप्पे पार पडून शेवटी हातरुमाल तोंड पुसतो. चित्रातील प्रत्येक टप्प्याला क्रमाने अक्षर दिलेले असे. वाचकाने कारणाकडून कार्याकडे क्रमाने जावे, ही त्यामागील युक्ती पुढे शिक्षकांच्या उपयोगी पडली. अमेरिकेतील एका प्रमुख इंग्रजी शब्दकोशाने १९३१ मध्ये गोल्डबर्ग यांचे नाव विशेषण म्हणून नोंदविले. १९४८ चे पुलिट्झर पारितोषिक मात्र त्यांना राजकीय व्यंग्यचित्रासाठी मिळाले.

स्पर्धा व प्रसार : कागदावरील ही यंत्रे प्रत्यक्षात उभारण्याची पद्धतशीर सुरुवात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात झाली. तेथील अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थिसंघांत १९४९ ते १९५५ पर्यंत अशा यंत्रांची स्पर्धा होत असे. १९८३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि १९८८ पासून तिला राष्ट्रीय स्वरूप आले. पुढे शालेय विद्यार्थ्यांनाही अशा स्पर्धांत प्रवेश मिळाला. १९६३ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या उंदराच्या सापळ्याच्या बैठ्या खेळामुळे ही कल्पना घरोघरी पोहोचली होती. पेटर फिश्ली व डेव्हिड व्हाइस या स्विस कलावंतांनी १९८७ मध्ये टायर, शिड्या, पिंपे, फुगे व रसायने यांच्या साखळीवर सु. अर्ध्या तासाचा चित्रपट काढला. तो अखंड वाटत असला, तरी त्यात अनेक ठिकाणी जोड दिलेले आहेत. जपानमध्ये एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २००२ पासून मुलांसाठी सुरू केलेल्या पिथागोरा सुइच्ची या कार्यक्रमातील छोट्या, घरगुती वस्तूंच्या यंत्रांमुळे हा प्रकार बालशिक्षणाशी निकटपणे जोडला गेला.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : महाराष्ट्रात साखळीयंत्रांच्या स्पर्धांची जुनी परंपरा नाही. परंतु ज्या दोन प्रवाहांतून असे यंत्र निर्माण होते, ते दोन्ही, म्हणजे स्वतः यंत्र रचण्याची हौस आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविण्याची चळवळ, येथे दीर्घकाळ वाहत आले आहेत.

पहिल्या प्रवाहाचे ठळक प्रतिनिधी शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) होत. मुंबईत जन्मलेल्या भिसे यांनी अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लंडनच्या एका नियतकालिकाने, किराणा माल ठराविक वजनात आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा जाहीर केली असता त्यांनी मुंबईहून पाठविलेला आराखडा सरस ठरला. माल ओतणे, तो तोलणे, ठराविक वजन होताच प्रवाह बंद करणे व तोललेला माल बाहेर सोडणे या क्रिया एकीने दुसरीस चालना देऊन घडवावयाच्या, हेच अशा यंत्राचे सार असते. पुढे इंग्लंड व अमेरिकेत त्यांनी मुद्रणासाठी खिळे ओतण्याची यंत्रे तयार केली. साखळीची जी रचना गोल्डबर्ग यांच्या चित्रांत थट्टेचा विषय झाली, तीच भिसे यांच्या यंत्रांत उपयुक्त ठरली.

दुसऱ्या प्रवाहाला स्वातंत्र्योत्तर काळात जोर आला. विज्ञानविषयक मराठी मासिक सृष्टिज्ञान १९२८ पासून निघत होतेच. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची आणि १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली. राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे किशोर हे मासिक १९७१ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय पातळीवर शालेय विज्ञान प्रदर्शने १९७१ पासून भरू लागली व तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्यांनी ती ग्रामीण शाळांपर्यंत पोहोचली.

याच काळात शेजारच्या मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. कानपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे पदवीधर व पुण्यातील मोटार कारखान्यात नोकरी करणारे अभियंते अरविंद गुप्ता हे १९७८ मध्ये या उपक्रमात दाखल झाले. आठवडी बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंचा शोध घेताना त्यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांच्या साह्याने सांगाडे जोडण्याची पद्धत काढली. या पद्धतीवरील त्यांच्या पुस्तकांची व खेळण्यांची माहिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत गेली. २००३ पासून सु. अकरा वर्षे त्यांनी पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसमवेत काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला.

पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सोडलेल्या मुलामुलींना सुतारकाम, लोहारकाम, वीजजोडणी, शेती व बांधकाम अशी खरी कामे करीत विज्ञान शिकविणे हा त्यांचा मार्ग होता. काम आधी व त्यातून तत्त्व नंतर, हा पाबळचा क्रम आणि वस्तू आधी व पुस्तक नंतर, हा होशंगाबादचा क्रम परस्परपूरक आहेत. घरी साखळीयंत्र रचणारा विद्यार्थी नकळत याच क्रमाने जातो.

येडगाव व खोडद परिसर : पाबळच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या आसपासच्या गावांत साखळीची कल्पना समजावून देण्यास अनुकूल अशी दोन मोठी उदाहरणे आहेत. पहिले म्हणजे कुकडी प्रकल्प. या प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे अशी पाच धरणे असून कुकडी नदीवरील येडगाव धरण १९७७ मध्ये पूर्ण झाले. माणिकडोह धरणातून सोडलेले पाणी कुकडीच्या पात्रातून येडगावला येते. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर असलेल्या डिंभे धरणाचे पाणी डाव्या कालव्याने येडगावच्या दिशेने आणले जाते. येडगावहून निघणारा कुकडी डावा कालवा ते पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व करमाळे या अवर्षणप्रवण तालुक्यांकडे नेतो. कालव्याला पाण्याचे आवर्तन सुटले, हे शब्द या भागातील मुलांच्या कानांवर नेहमी पडतात. वरच्या धरणाचे दार थोडेसे उचलणे ही क्रिया लहान असते. तिच्यामुळे मुक्त होणारी ऊर्जा मात्र पावसाळ्यात उंचावर साठविलेल्या पाण्याची असते. चालना व ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साखळीयंत्राचे पहिले तत्त्व येथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

दुसरे उदाहरण म्हणजे खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली व २००१ मध्ये ती जगातील शास्त्रज्ञांना खुली झाली. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या तीस अँटेना सु. २५ किमी. परिसरात पसरलेल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बारीक पोलादी तारांची जाळी बसविल्यामुळे त्या हलक्या व स्वस्त झाल्या. स्वरूप यांची भारतातील पहिली दुर्बीणही काटकसरीचीच होती. ऑस्ट्रेलियात निरुपयोगी ठरलेल्या सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या मिळवून ती १९६५ मध्ये कल्याण येथे चालू करण्यात आली. इतरांनी बाजूला टाकलेल्या वस्तूंतून नवे साधन रचण्याची वृत्ती ही केवळ शाळकरी मुलांची करमणूक नसून उच्च संशोधनाचेही अंग आहे, याचा हा दाखला होय.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेल्या शोधाच्या स्मरणार्थ १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. या निमित्ताने खोडद येथील दुर्बिणीच्या आवारात सामान्यतः प्रतिवर्षी विज्ञान प्रदर्शन भरते. परिसरातील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी त्यात आपण बनविलेली उपकरणे व प्रतिकृती मांडतात आणि गावोगावचे लोक दुर्बिणीबरोबर त्याही पाहतात. येडगावसारख्या गावातील विद्यार्थ्याला आपल्या घरी केलेल्या रचनेसाठी शास्त्रज्ञ व ग्रामस्थ असा दुहेरी प्रेक्षकवर्ग येथे जवळच उपलब्ध होतो.

कार्यतत्त्व : साखळीयंत्रातील प्रत्येक दुव्यात काही ऊर्जा आधीच साठविलेली असते. उंचावरची गोटी, उभी काडेपेटी, ताणलेले रबर व भरलेला डबा ही साठ्याची रूपे होत. आधीच्या दुव्याने फक्त अडसर दूर करावयाचा असतो. सु. ५ ग्रॅ. वजनाची काचेची गोटी २० सेंमी. खाली आली, तर सु. ०·०१ जूल ऊर्जा मिळते, २०० मिलि. पाण्याचा डबा ५० सेंमी. खाली आला, तर जवळजवळ १ जूल, म्हणजे शंभर पट ऊर्जा मिळते. गोटीने डबा उचलता येत नाही, परंतु डब्याची खुंटी मात्र सरकविता येते. लहान चालनेने मोठी क्रिया घडविण्याचे हे रहस्य आहे.

पडणाऱ्या सोंगट्यांत हेच तत्त्व क्रमशः दिसते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील लॉर्न व्हाइटहेड यांनी १९८३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, एक सोंगटी आपल्यापेक्षा सु. दीडपट मोठी सोंगटी पाडू शकते. पहिली सोंगटी २ सेंमी. उंचीची असेल, तर या प्रमाणाने अकरावी सु. १·१५ मी. उंचीची होईल. सर्व मापे दीडपट झाल्याने साठविलेली ऊर्जा मात्र प्रत्येक पायरीस सु. पाचपट होते.

दुसरे तत्त्व विश्वसनीयतेचे आहे. एखादा दुवा दहापैकी नऊ वेळा नीट चालत असेल, तर तो पक्का आहे असे वाटते. परंतु असे दहा दुवे जोडले, तर संपूर्ण यंत्र शंभरापैकी सु. ३५ वेळाच शेवटपर्यंत जाईल. प्रत्येक दुवा शंभरापैकी ९५ वेळा चालला, तर हे प्रमाण सु. ६० वर व ९९ वेळा चालला, तर सु. ९० वर जाते. साखळीची शक्यता म्हणजे दुव्यांच्या शक्यतांचा गुणाकार होय. विमान, रुग्णालयातील उपकरणे किंवा धरणाची दारे यांच्या रचनेत अभियंत्यांना हाच हिशेब करावा लागतो.

घरगुती रचना : प्रारंभीच्या यंत्रात पाच-सहा दुवे पुरेसे होतात. एक नमुना पुढीलप्रमाणे करता येतो. बारीक छिद्र पाडलेल्या डब्यातून पाणी थेंबथेंब खालच्या वाटीत पडते. वाटी फूटपट्टीच्या तरफेच्या एका टोकास असून दुसऱ्या टोकास तिला तोलणारे खडे असतात. वाटी जड होताच फूटपट्टी कलते व तिच्या दुसऱ्या टोकाने अडविलेली गोटी मोकळी होते. गोटी जाड पुठ्ठ्याच्या उतरत्या पन्हळीतून घरंगळत जाऊन उभ्या काडेपेट्यांच्या रांगेतील पहिलीवर आदळते. शेवटची काडेपेटी टेबलाच्या कडेवरून पडताना तिला बांधलेला दोरा ओढला जातो, दोऱ्याच्या टोकाची खुंटी निसटते आणि तिने अडवून धरलेला लंबक झोका घेऊन घंटी वाजवितो. यांतील पहिला दुवा वेळ मोजतो, दुसरा तोल साधतो, तिसरा उतार वापरतो, चौथा स्थैर्याचा भंग दाखवितो आणि शेवटचे दोन ओढ व दोलन यांचा परिचय करून देतात.

बांधणी शेवटच्या दुव्यापासून सुरू करून मागे येणे सोयीचे असते. लंबकाने घंटी वाजते याची खात्री झाल्यावर खुंटी, मग काडेपेट्या, मग पन्हळ असा क्रम ठेवल्यास प्रत्येक नवीन दुव्याची परीक्षा तयार साखळीवर घेता येते. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे निदान दहा वेळा चालवून पाहावा व किती वेळा चुकला याची वहीत नोंद करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पन्हळीचा उतार व काडेपेट्यांमधील अंतर एकदम बदलल्यास सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. जमिनीवरील खाणाखुणा खडूने केल्या म्हणजे वस्तू पुन्हा त्याच जागी ठेवता येतात. हेरॉन यांच्या द्वारात किंवा गोल्डबर्ग यांच्या चित्रांत अग्नीचा उपयोग असला, तरी मुलांच्या यंत्रात विस्तव, घरातील विजेचा प्रवाह, फुटकी काच व धारदार पाती वर्ज्य करावीत. उंदरांचे सापळे वापरावयाचे असल्यास मोठ्या माणसांनी जवळ असावे.

शैक्षणिक मूल्य व मर्यादा : पाठ्यपुस्तकातील प्रयोग बहुधा अपेक्षित उत्तर मिळविण्यासाठी केला जातो, उत्तर चुकल्यास विद्यार्थी ते लपविण्याकडे झुकतो. साखळीयंत्रात चूक लपविता येत नाही. यंत्र ज्या जागी थांबते ती जागा सर्वांना दिसते आणि दोष त्या दुव्यात किंवा त्याच्या लगतच्या मागच्या दुव्यात असणार, हेही उघड असते. अपयश हे अशा रीतीने अपमानाचे कारण न राहता पुढील तपासाचा प्रारंभबिंदू होते. निरनिराळ्या दुव्यांची जबाबदारी निरनिराळ्या मुलांनी घेतल्यास आपले काम दुसऱ्याच्या कामाला नेमके जुळावे लागते, याचीही जाणीव होते.

प्रदर्शनाचे वातावरण मात्र या गुणाला नेहमीच पोषक असते असे नाही. प्रदर्शनात प्रतिकृती देखणी असावी, ती पाहुण्यांसमोर चालावी आणि तिला पारितोषिक मिळावे अशी अपेक्षा असल्याने पालकांनी किंवा शिक्षकांनी ती बनवून देणे, बाजारातील तयार संच जोडणे व रंगरंगोटीवर भर देणे हे प्रकार सर्वत्र आढळतात. चित्रफितींमुळेही गैरसमज होतो. त्यांत यशस्वी झालेला शेवटचा प्रयत्न तेवढा दिसतो आणि त्याआधी फसलेले प्रयत्न दृष्टिआड राहतात. ज्या घरात पैसा कमी आहे, तेथील मुलाची पुठ्ठा, सुतळी व गोटी यांची खरीखुरी रचना तयार संचापुढे फिकी ठरली, तर प्रदर्शनाचा मूळ हेतूच बाजूला पडतो. यासाठी परीक्षकांनी यंत्राबरोबर विद्यार्थ्याची नोंदवही पाहणे, फसलेले प्रयत्न व त्यांवर काढलेले उपाय यांना गुण देणे आणि एखादा दुवा काढून तो पुन्हा जुळविण्यास सांगणे असे उपाय योजता येतात. ज्याने यंत्र स्वतः रचले आहे, त्याला हे सहज करता येते.

साखळीयंत्रामुळे विज्ञानाचे सर्व शिक्षण होते असे मानणे चूक ठरेल. मापन, गणिती मांडणी व तत्त्वांचे विवेचन यांची जोड नसल्यास ते निव्वळ करमणूक राहते. तर करमणूक पूर्णपणे काढून टाकल्यास मुलांचा उत्साह ओसरतो. शिक्षकाने मुलांना आधी मनसोक्त रचू द्यावे व यंत्र थांबेल त्या ठिकाणी प्रश्न विचारावेत, हा मध्यममार्ग उपयुक्त ठरतो. यासाठी लागणारे साहित्य, म्हणजे पाणी, उतार, वजन, दोरा व मोकळा वेळ, ग्रामीण महाराष्ट्रातील बहुतेक घरांत उपलब्ध असते. त्यामुळे प्रयोगशाळेची उणीव असलेल्या शाळांनाही विज्ञानाचा हा मार्ग खुला आहे.